आमच्या शाळेचं वर्कशॉप मोडू नका : संचालक मंडळास खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव व सर्व संचालक, तसेच मुख्याध्यापक सर आणि शिक्षकवृंद यांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्या शाळेचा माजी विद्यार्थी. दहावी १९९५ ची, बारावी १९९७ ची, किमान कौशल्य (अकरावी-बारावीचा व्यावसायिक अभ्यासक्रम), विद्युत विभाग. त्यानंतर दोन वर्षं हिंगणघाटला एका उस्तादाच्या हाताखाली काम केलं आणि १९९९ पासून गावात बसस्टॉपच्या मागे मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळून ती ‘भरून’ द्यायचं, दुकान चालवतो. शाळेच्या बोअरवरची सबमर्सिबल दोनदा मीच भरून दिली आहे, त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण मला ओळखतात. हे पत्र शाळेत आणून देतो आहे आणि लोकांसमोरही ठेवतो आहे. गावाचं नाव मात्र मुद्दाम लिहिलं नाही. वर्धा जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या यवतमाळच्या तालुक्यांतून माझ्याकडे मोटरी घेऊन येणारी माणसं सांगतात की त्यांच्याकडच्या शाळेतही असंच झालं. नाव लिहिलं असतं तर ही एकाच शाळेची तक्रार ठरली असती.

दिवाळीच्या सुट्टीत मी जळालेल्या मोटरींचं तांबं विकायला भंगारवाल्याकडे गेलो होतो. त्याच्या काट्याजवळ एक हातानं फिरवायचं वाइंडिंग मशीन पडलं होतं. हिरवा रंग, फेरे मोजणाऱ्या काउंटरची काच फुटलेली, आणि पायाशी पांढऱ्या रंगात ‘वि. वि. ४’. विद्युत विभाग, नग चौथा. तो आकडा मी अकरावीत असताना निदेशक सरांनी, म्हणजे वर्कशॉपमध्ये हातकाम शिकवणाऱ्या सरांनी, माझ्याच हातून घालून घेतला होता. माझी पहिली कॉइल मी त्याच मशीनवर गुंडाळली. शेजारी बेंच व्हाइस होते, पाइप वाकवायचं मशीन होतं, आणि मुलांना आतलं दिसावं म्हणून कापून ठेवलेला मोटरीचा नमुना होता. मी विचारलं तर तो म्हणाला, “शायेचा माल हाय भाऊ. लिलावात घेतला. मोठ्या मशिनी नेवाच्या हायेत अजून.”

सुट्टी संपल्यावर शाळेत येऊन चौकशी केली. वर्कशॉपची शेड रिकामी करून तिथे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायचं ठरलं आहे, असं कळलं. ठराव झाला, लिलाव झाला, आणि ज्या विभागातून आम्ही पोट भरायला शिकलो त्या विभागाच्या एकाही माजी विद्यार्थ्याला कोणी विचारलं नाही. गावात आम्ही अकरा जण आहोत. एक जिनिंगमध्ये फिटर आहे, दोघे वेल्डिंग करतात, तिघे घरांची वायरिंग करतात, एक जण ट्रॅक्टरची इलेक्ट्रिकची कामं करतो. आम्हाला निरोप पाठवला असता तर त्या संध्याकाळी सगळे आलो असतो.

अभ्यासिकेला माझा विरोध नाही, हे आधी सांगतो. ज्या घरात एका खोलीत पाच माणसं आणि एक टीव्ही, तिथल्या मुलानं वाचायला कुठे बसायचं? त्याला जागा मिळालीच पाहिजे. पण ती वर्कशॉप मोडून का? पटसंख्या घटल्यापासून शाळेच्या जुन्या इमारतीत दोन वर्गखोल्या कुलूप लावून पडल्या आहेत. वाचायला टेबल, पंखा आणि उजेड लागतो. तो त्या खोल्यांत होऊ शकतो. लेथ आणि ड्रिल मशीन त्या खोल्यांत बसत नाहीत, त्यांना पाया लागतो, थ्री फेज लाइन लागते, उंच छत लागतं. ते सगळं शेडमध्ये आहे आणि एकदा उखडलं की पुन्हा बसवायला कोणी पैसे देणार नाही.

“मुलंच येत नाहीत, मग विभाग चालवायचा कोणासाठी?” असं उत्तर मला मिळालं. ते कसं झालं, तेही पाहू या. निदेशक सर २०२१ मध्ये निवृत्त झाले. त्यांची जागा भरली गेली नाही. मधल्या काळात जे शिक्षक तास घ्यायचे ते चांगले होते, पण त्यांचा विषय वेगळा होता. मुलांनी दोन वर्षं जर्नलं उतरवून काढली. त्यातला एक मुलगा बारावी होऊन माझ्याकडे काम मागायला आला. त्याच्या जर्नलमध्ये स्टार-डेल्टा स्टार्टरची आकृती इतकी सुंदर होती की मी ती दुकानातल्या सगळ्यांना दाखवली. मग त्याच्या हातात खरा स्टार्टर दिला, तर त्यातला कॉन्टॅक्टर कुठला आणि ओव्हरलोड रिले कुठला हे त्याला सांगता येईना. मुलगा हुशार होता. आठ दिवसांत सगळं शिकला. पण त्याच्या धाकट्या भावानं त्या विभागात प्रवेश घेतला नाही, आणि का घ्यावा? शिकवणारा माणूस आधी गेला, मग मुलं गेली, आणि आता मुलं नाहीत म्हणून मशिनी जात आहेत.

दुसरी तक्रार लिहायला मला जास्त जड जाते आहे, कारण ती माझ्या घरातली आहे.

माझी मुलगी आपल्या शाळेत नववीत आहे. दोन महिन्यांपूर्वी वर्गात गणिताचा पेपर वाटताना सर म्हणाले, “अभ्यास करा, नाहीतर जन्मभर पाने-पक्कड घेऊन मोटरी खोलाव्या लागतील.” सरांच्या मनात कोणाचा अपमान नव्हता, ते मेहनती शिक्षक आहेत, हे मी जाणतो. पण पोरीनं रात्री जेवताना मला विचारलं, “बाबा, तुम्ही अभ्यास केला नव्हता का?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी तिला दुकानात नेलं, एक उघडा स्टेटर (मोटरीचा न फिरणारा भाग, ज्यात कॉइल बसतात) समोर ठेवला आणि कागद-पेन दिलं. चोवीस स्लॉट, म्हणजे तार बसवायच्या खाचा, दोन पोल, म्हणजे चुंबकाची टोकं, आणि तीन फेज. म्हटलं, सांग, एका पोलखाली एका फेजचे किती स्लॉट येतील? तिनं चोवीसला दोननं भागलं, मग तीननं : चार. मग विचारलं, पूर्ण गोल ३६० अंशांचा, तर दोन स्लॉटमध्ये किती अंश? पंधरा. तीन फेज एकमेकींपासून १२० अंशांवर पाहिजेत, तर पहिली फेज पहिल्या स्लॉटमध्ये सुरू केली तर दुसरी कुठे सुरू करायची? ती बोटानं मोजत गेली आणि म्हणाली, नवव्यात. आणि तिसरी सतराव्यात. मग तिला सांगितलं, हे चुकलं तर मोटर नुसती घुमते, गरम होते आणि दहा मिनिटांत पुन्हा जळते. कास्तकाराचे सगळे पैसे वाया. तारेचा गेज एका नंबरनं बारीक घेतला तरी मोटर जास्त तापते. एका कॉइलमध्ये दोन टर्न कमी पडले तरी तिन्ही फेजचा करंट सारखा येत नाही, करंट मोजायच्या टाँग टेस्टरवर लगेच दिसतं.

ते सरांनी वर्गात शिकवलेलंच गणित होतं. माझ्या दुकानात ते रोज वापरात आहे. जी शिक्षा म्हणून सांगितली, ती अभ्यासाचीच जागा आहे.

आपण वर्धा जिल्ह्यात राहतो. १९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली ती वर्ध्याला. हातकाम हेच शिक्षणाचं माध्यम असावं, असा विचार तिथे मांडला गेला, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्यावर अभ्यासक्रम तयार केला, आणि देशभर ती ‘वर्धा योजना’ म्हणून ओळखली गेली. हे मला आपल्याच शाळेत इतिहासाच्या तासाला कळलं. तो विचार सगळा जसाच्या तसा चालवा, असं मी म्हणत नाही, काळ बदलला आहे. पण ज्या जिल्ह्यातून हे देशाला सांगितलं गेलं तिथल्या एका शाळेत हातकामाची खोली भंगारात जाते, याचं मला मनापासून दुःख झालं आणि ते आपल्यालाही व्हावं अशी माझी अपेक्षा आहे.

आता या धंद्याची दुसरी बाजूही मीच सांगतो. मुलांना खोटं चित्र दाखवून हाताच्या कामाकडे आणणं मला मान्य नाही. त्यानं आज एक वर्ग भरेल आणि पाच वर्षांनी तीच मुलं आपल्याला दोष देतील.

माझी वही उघडी आहे. नोव्हेंबर ते मार्च हा ओलिताचा हंगाम. हरभरा, गहू, बागायती पऱ्हाटी. लाइनच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडतं, डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरचा, एखादा फ्यूज जातो, मोटर दोन फेजवर ओढत राहते आणि जळते. रात्रीच्या पाळीत कास्तकार ऑटो (वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा स्विच) लावून झोपलेला असतो, त्याला पहाटे कळतं. सहा वाजता दुकानापुढे ट्रॅक्टर उभा असतो, “भाऊ, हरभरा फुलावर हाय, आजच्या आज पायजे.” त्या पाच महिन्यांत माणसाला जेवायला वेळ नसतो, आणि दोन मदतनिसांचा पगार व मालाचा खर्च काढून महिन्याला पंचेचाळीस-पन्नास हजार उरतात. एप्रिल-मे कूलरचे. फॅनची मोटर, टिल्लू पंप, यावर तीस-पस्तीस हजार. आणि मग पाऊस पडतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये माझ्या हातात ६,२०० रुपये आले. त्याच महिन्यात मुलीच्या शिकवणीची फी होती. वर्षाचं सरासरी काढलं तर महिन्याला तीस हजारांच्या आसपास पडतात, पण पोट सरासरीवर भरत नाही. ऑगस्टची उधारी नोव्हेंबरात फिटते.

माझ्या बाकावर बसणारा मित्र आज सरकारी कार्यालयात लिपिक आहे. त्याला ऑगस्टमध्येही पगार येतो. त्याला ताप आला तर रजा मिळते. २०११ मध्ये माझ्या डाव्या हातावर स्टार्टरचा फ्लॅश आला, कोपरापर्यंत भाजलं, दीड महिना दुकान बंद राहिलं आणि त्या दीड महिन्याचा एक रुपयाही कुठून आला नाही. घरासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा पगाराची चिठ्ठी मागितली. बावीस वर्षांच्या वह्या दाखवल्या, त्या चालल्या नाहीत. वय सत्तेचाळीस आहे, मांडी घालून स्टेटरवर वाकून कंबर गेली आहे, आणि मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत टिनाखाली बसावं लागतं. मित्राच्या डोक्यावर वरिष्ठांचा ताण असतो, बदलीची भीती असते, तो मला ते सांगतो आणि मी ते खोटं मानत नाही. पण त्याच्या ताणाला म्हातारपणाचा आधार आहे. माझ्या कंबरेला नाही.

आणि एक गोष्ट आहे जी मी आजवर जाहीरपणे सांगितली नव्हती. माझ्याकडे चार वर्षं शिकलेला एक मुलगा २०१६ मध्ये विजेच्या झटक्यानं गेला. गहू निसवत होता, डीपीवरचा फ्यूज उडाला होता, लाइनमनकडे किती तरी गावं, तो दुसऱ्या टोकाला. कास्तकारांनी या पोराला बोलावलं. अशा पोरांना आपल्याकडे ‘झिरो वायरमन’ म्हणतात. काम तेच, उंची तीच, करंट तोच, फक्त कुठल्याही कागदावर नाव नाही. त्यानं एबी स्विच, म्हणजे डीपीची लाइन तोडणारा खांबावरचा स्विच, ओढला होता. पण स्विचचं एक पातं चिकटून राहिलं होतं आणि एक फेज जिवंत होती. अंधारात ते दिसलं नाही. ज्यांच्या कामासाठी तो चढला त्यांच्या कागदावर त्याचं नाव नव्हतं, म्हणून भरपाईचा प्रश्नच आला नाही. वर चढण्याआधी टेस्ट करायची, डिस्चार्ज रॉड लावून लाइन अर्थ करायची, हे मी त्याला तोंडानं शंभर वेळा सांगितलं होतं. रॉड विकत घेऊन दिला नव्हता. तो माझा दोष आहे आणि तो घेऊनच मी जगतो. आता माझ्या दुकानात दोन रॉड आहेत, हातमोजे आहेत, आणि माझा कोणताही माणूस पोलवर चढत नाही.

म्हणून शाळेतलं वर्कशॉप मला हवं आहे. उस्तादाकडे पोरगा हाताचं कसब शिकतो, पण तिथे घाई असते, गिऱ्हाईक उभं असतं, सुरक्षेचा धडा नेहमी उद्यावर जातो. शाळेत गिऱ्हाईक नसतं. तिथे एक पूर्ण महिना फक्त हे शिकवता येतं की लाइन बंद आहे असं समजू नये, तपासावं.

खुर्चीच्या, म्हणजे कार्यालयातल्या नोकरीच्या, बाजूचं सत्यही मुलांना कोणी सांगत नाही. माझा पुतण्या बी.ए. झाल्यावर सहा वर्षं परीक्षा देतो आहे, आधी अमरावतीला, मग पुण्याला. त्याला विचारून हे लिहितो आहे. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर आले. खुल्या गटाची फी एक हजार रुपये होती. दर दोनशे मुलांमागे एकाला जागा, असा हा हिशेब आहे. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत १७,४७१ जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज होते. पुतण्या नालायक नाही. त्याचे मार्क चांगले असतात, यादी त्याच्या थोडी वर संपते. भावानं दोन एकर वावर गहाण ठेवलं आहे. मी पुतण्याला म्हटलं, माझ्याकडे ये, निदान हंगामात ये, तुझ्या हाताला काम राहील. तो खाली मान घालून म्हणाला, “काका, आता दुकानात बसलो तर लोक काय म्हणतील? इतकं शिकून हेच?” ‘हेच’ हा शब्द त्याला कोणी शिकवला, याचा आपण सर्वांनी विचार करावा. मी त्याच्या घरातला आहे, म्हणजे त्यात मीही आलो.

आणि जी खुर्ची मिळते ती तरी कोणती? ग्रामपंचायतीत संगणकावर बसणारी मुलं मानधनावर आहेत. मोठ्या कार्यालयांत डाटा एन्ट्रीचं काम ठेकेदाराच्या नावानं चालतं, अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा नवा. खुर्ची आणि कायमची नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या आहेत, हे दहावीच्या मुलाला कळायला पाहिजे.

लग्नाचं थोडक्यात सांगतो. माझा मोठा मदतनीस सत्तावीस वर्षांचा आहे. अठरा हजार घेतो, निर्व्यसनी आहे, आईला सांभाळतो. चार ठिकाणी नकार आला. शेवटच्या ठिकाणी मुलीचे वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, “पोरगा चांगला हाय जी. पुण्यात कंपनीत बारा हजारावर असता तरी देली असती.” हे मी त्या पोराला अजून सांगितलेलं नाही.

सरकारकडूनही हाच निरोप येतो. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्याला सहा हजार, आयटीआय आणि पदविकेला आठ हजार, पदवीला दहा हजार, असे महिन्याचे दर लागले. हाताचं कसब घेऊन आलेल्या मुलाची किंमत कामावर हजर होण्याच्या पहिल्या दिवशीच पदवीपेक्षा दोन हजारांनी कमी. पीएम विश्वकर्मा योजनेची वर्षपूर्ती २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातच झाली. लोहार, सुतार, कुंभार, गवंडी, शिंपी अशा अठरा व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार आणि पाच टक्क्यांनी कर्ज मिळतं, याचा मला आनंद आहे. आमच्या गावच्या लोहाराला त्याची गरजच होती. पण त्या अठरांत वायरमन नाही, वेल्डर नाही, फिटर नाही, मोटर भरणारा नाही. आज गावाचं पाणी ज्यांच्या हातावर चालतं त्यांचं नाव जुन्या बलुत्यात नव्हतं, आणि नव्या यादीतही नाही. हे आपल्या हातात नाही, मला कळतं. पण आपल्या हातात जी एक शेड आहे ती तरी या यादीसारखी वागू नये.

शेवटची गोष्ट पुढच्या काळाची. गावात सौर पंप येत आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत कास्तकार दहा टक्के हिस्सा भरतो, अनुसूचित जाती-जमातीच्या कास्तकाराला पाचच टक्के. पंप चांगले आहेत, रात्री पाणी द्यायला जावं लागत नाही, साप-विंचवाची भीती गेली. पण कंट्रोलर बंद पडला की माणूस बाहेरून येईपर्यंत वाट पाहावी लागते, आणि पीक वाट पाहत नाही. गेल्या उन्हाळ्यात एक कास्तकार माझ्याकडे रडकुंडीला आला. मी हात लावायला घाबरलो. आमच्या लाइनला स्विच ओढला की निदान तपासता तरी येतं, पण पॅनेलवर ऊन आहे तोवर त्याच्या तारा जिवंतच असतात, आणि तो डीसीचा झटका जीवघेणा असतो. मला हे शिकायचं आहे. या वयातही शिकायचं आहे. तालुक्यात शिकवणारं कोणी नाही. ज्या शेडमधून तांब्याच्या मोटरी भरणारी एक पिढी निघाली, तिथेच सौर पंप दुरुस्त करणारी पुढची पिढी तयार होऊ शकते. विद्युत विभागाला आजइतकं काम याआधी कधीच नव्हतं, आणि आपण तो आजच बंद करतो आहोत.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

लिलावात विकलेल्या पण अजून न उचललेल्या मशिनी, म्हणजे लेथ, ड्रिल आणि ग्राइंडर, शाळेतच ठेवाव्यात. भंगारवाल्याशी मी बोललो आहे, त्यानं भरलेली रक्कम परत मिळाली तर त्याची हरकत नाही. ती रक्कम आम्ही अकरा जण मिळून भरू.

अभ्यासिका जुन्या इमारतीतल्या बंद खोल्यांत करावी. तिच्या वायरिंगची मजुरी आम्ही घेणार नाही.

निदेशकाची जागा भरण्यासाठी आपण कधी आणि कोणाकडे पत्रव्यवहार केला, ते पालकांना दाखवावं. केला नसेल तर आता करावा. जागा भरेपर्यंत आठवड्यातून दोन दुपारी आम्ही येऊ. मी, वेल्डिंगवाला आणि जिनिंगचा फिटर, तिघांनी आळीपाळीनं यायचं आमचं ठरलं आहे. फिटर मात्र जिनिंगचा हंगाम उठल्यावरच येऊ शकेल.

हातमोजे, डिस्चार्ज रॉड, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) आणि झटका बसलेल्याला वाचवायचं शिक्षण, हे नसेल तर एकही मशीन चालू करू नये. या मुद्द्यावर माझी तडजोड नाही.

विभागात मुलींना प्रवेश द्यावा आणि तसं पालक सभेत सांगावं. माझ्या वेळी एकही मुलगी नव्हती. वाइंडिंगला ताकद थोडी आणि नजर व चिकाटी जास्त लागते. माझी पहिली अर्जदार घरातच आहे.

दहावीच्या मार्गदर्शनाच्या दिवशी एका लिपिकाला आणि एका कारागिराला एकत्र बोलवावं. दोघांनीही कमाई, खर्च, दुखणी, रजा, कर्ज, सगळं खरं सांगावं. गेल्या भरतीत जागा किती आणि अर्ज किती, हे फळ्यावर लिहावं. शाळेतून गेल्या दहा वर्षांत जी मुलं परीक्षांच्या तयारीला गेली ती आज कुठे आहेत आणि जी हाताच्या कामात गेली ती कुठे आहेत, याची एक वही करावी. मुलगा मग जे निवडेल ते निवडेल.

आणि वर्गात ते वाक्य पुन्हा कोणी बोलू नये. अभ्यास न करणाऱ्याला आणखी काहीही सांगा, आमच्या कामाची भीती दाखवू नका. त्याच वर्गात आमची पोरं बसलेली असतात.

२६ जानेवारीला झेंडावंदनाला सगळं गाव शाळेत येतं. त्याआधी लेखी उत्तर मिळावं, ही विनंती. उत्तर नाही असलं तरी चालेल, पण कारणासह असावं. तोंडी बोलायचं असेल तर मी कोणत्याही संध्याकाळी सातनंतर येऊ शकतो, हंगाम असल्यामुळे त्याआधी दुकान सोडता येत नाही.

‘वि. वि. ४’ मी त्या दिवशी भंगारवाल्याकडून परत घेतलं. चौदा किलो भरलं, पस्तीस रुपये किलोनं चारशे नव्वद झाले. काउंटरला नवी काच बसवली आहे, दांड्याला तेल दिलं आहे, फेरे बरोबर मोजतं. दुकानात पोत्याखाली झाकून ठेवलं आहे. कोणत्या खोलीत ठेवायचं ते सांगा, मी हातगाडीवर टाकून आणून देतो.

आपला,
एक माजी विद्यार्थी, विद्युत विभाग, १९९७
मोटर रिवाइंडिंगचं दुकान, बसस्टॉपच्या मागे